कॉलेजच्या कोहा सर्व्हरवर 'एपीटी अपग्रेड': वाय दाबू की नको?

पुस्तकी किडा | सोमवार, सायं. ६:१०

नमस्कार मंडळी,

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात कोहा (ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर) आहे, डेबियन १२ या लिनक्सवर. पुस्तकं चाळीस हजारांच्या आसपास, देवघेव रोजची. ज्या एजन्सीने बसवून दिलं त्यांनी एएमसी (देखभालीचा वार्षिक करार) संपल्यापासून फोन उचलणं सोडलंय, आणि 'तुम्हाला कॉम्प्युटरमधलं कळतं' म्हणून सर्व्हर माझ्या गळ्यात पडला. मी मूळचा विंडोजवाला. पुट्टीने (दूरच्या मशीनवर कमांड द्यायचं सॉफ्टवेअर) आत जाता येतं, सुडोचा (अ‍ॅडमिनच्या हक्कांचा) पासवर्ड आहे, काळ्या पडद्याची भीती वाटत नाही. पण समज बेताचीच.

आज 'सुडो एपीटी अपडेट' दिलं (एपीटी म्हणजे डेबियनवर सॉफ्टवेअरची पॅकेजेस बसवणारं साधन). शेवटच्या ओळीत शंभराच्या वर पॅकेजेस अपग्रेड करता येतील असं आलं. मग 'सुडो एपीटी अपग्रेड' दिलं तर पडदाभर नावं. त्यात लिनक्स-इमेज, ओपनएसएसएल, मारियाडीबी-सर्व्हर (डेटाबेस) आणि कोहा-कॉमन. सर्वात खाली प्रश्न, पुढे जायचं का? वाय की एन? तिथेच थांबलोय.

पुढच्या महिन्यात कॉलेजच्या मूल्यांकनाला नॅकची टीम येतेय. ओपॅक (वाचकांसाठीचा ऑनलाइन कॅटलॉग) त्या दिवशी बंद दिसला तर माझं काही खरं नाही. पण वर्षभर सर्व्हरला कुणी हात लावलेला नाही, तेही बरोबर वाटत नाही. काय करू?

खिडकीबंद | सोमवार, सायं. ६:२२

मागे '-वाय' लावा आणि चहाला जा. आल्यावर झालेलं असेल. ह. घ्या (हलके घ्या).

रात्रपाळी | सोमवार, सायं. ६:४५

खिडकीबंद यांचं अजिबात ऐकू नका, ते स्वतःच्या लॅपटॉपवर तसं करतात, सर्व्हरवर नाही.

किडाभाऊ, आधी एन दाबा. एन दाबल्याने काहीच बिघडत नाही. 'अपडेट' फक्त यादी ताजी करतं, म्हणजे कोणत्या रेपोत (पॅकेजच्या भांडारात) कोणतं व्हर्जन आलंय ते विचारून येतं, मशीनवरचं काही बदलत नाही. बदल करतं ते 'अपग्रेड'.

आता वाचायचं काय. सगळी शंभर नावं वाचायची गरज नाही. ती यादी भागाभागांत येते: नवी येणारी, अपग्रेड होणारी, मागे ठेवलेली आणि काढली जाणारी. 'काढली जाणारी' हा भाग दिसला की थांबा. साधं 'एपीटी अपग्रेड' काहीही काढत नाही, काढतं ते 'एपीटी फुल-अपग्रेड'. त्यामुळे आज तुम्हाला तो भाग दिसणार नाही, पण नजर तिकडे जायची सवय आत्तापासून लावा. 'नवी येणारी' मध्ये बहुधा कर्नल (लिनक्सचा गाभा, तुमच्या यादीतलं लिनक्स-इमेज) असेल. डेबियनमध्ये कर्नल बदलला की जुन्याच्या जागी न बसता शेजारी नवं पॅकेज म्हणून येतो, म्हणजे नवा बूट झाला नाही तर मशीन सुरू होतानाच्या ग्रब मेनूतून जुना निवडता येतो.

काहीही न बदलता नुसतं बघायचं असेल तर 'एपीटी अपग्रेड' च्या मागे '--सिम्युलेट' लावा. काय काय होईल ते सांगेल आणि गप्प बसेल.

तुमच्या यादीत मला खटकलं ते कोहा-कॉमन. डेबियनचे अपडेट एकाच मोठ्या व्हर्जनच्या आत असतात, त्यात फारसं बिघडत नाही. कोहा मात्र डेबियनच्या रेपोतून येत नाही, कोहावाल्यांची वेगळी रेपो असते. 'एपीटी-कॅश पॉलिसी कोहा-कॉमन' द्या आणि काय येतं ते इथे टाका. आणि टीमक्स टाकून घ्या, 'सुडो एपीटी इन्स्टॉल टीमक्स'. अपग्रेड चालू असताना नेट गेलं तर पुट्टी तुटते आणि काम मध्येच लटकतं. टीमक्सच्या आत चालवलं तर पुन्हा आत जाऊन 'टीमक्स अटॅच' म्हणायचं, काम चालूच असतं.

पुस्तकी किडा | सोमवार, सायं. ७:०५

धन्यवाद. पॉलिसीत आलं ते असं: इन्स्टॉल्ड २३.११, कॅन्डिडेट २४.११. कॅन्डिडेटच्या समोर ५००, मग कोहाच्या रेपोचा पत्ता आणि पत्त्यापुढे 'स्टेबल/मेन'. माझ्या मशीनवर आहे त्याच्यासमोर १००.

टीमक्स मात्र होत नाहीये. दुसरी पुट्टी उघडून कमांड दिली तर म्हणतं डीपीकेजीचं (एपीटीच्या पोटातला इन्स्टॉलर) लॉक मिळत नाही, कुठल्या तरी प्रोसेसने धरून ठेवलंय. नेटवर शोधलं तर एके ठिकाणी लॉकची फाईल 'आरएम' ने उडवा असं लिहिलंय. उडवू?

जुना लिनक्सवाला | सोमवार, सायं. ७:११

नाही!! हात लावू नका त्या फाईलला.

त्या ओळीत प्रोसेसचा नंबर आणि नाव आलं असेल. नाव 'एपीटी' आहे ना? मग ती तुमचीच पहिली खिडकी आहे. वाय की एन विचारून ती अजून उभी आहे, आणि लॉक तिच्याच हातात आहे. तिथे जाऊन एन दाबा, लॉक सुटेल.

लॉक उडवायचा तो सल्ला नेटवर जिथे तिथे सापडतो आणि दर वेळी कुणाचा तरी सर्व्हर खातो. लॉक असतं कारण डीपीकेजीच्या डेटाबेसमध्ये एका वेळी एकानेच लिहायचं असतं. दोघं लिहायला लागले की कुठलं पॅकेज बसलंय आणि कुठलं अर्धं बसलंय याचा हिशोबच जातो. कधी कधी लॉक धरणारा 'अनअटेंडेड-अपग्रेड' (आपोआप अपडेट करणारी सेवा) असतो, तेव्हा थांबायचं. पाच-दहा मिनिटांत सोडतो.

पुस्तकी किडा | सोमवार, सायं. ७:१६

अगदी बरोबर! पहिल्या खिडकीत एन दाबलं, टीमक्स लगेच बसलं. दंडवत.

जुना लिनक्सवाला | सोमवार, रात्री ९:३०

आता मुद्द्याचं. जेवून आलो, जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या कोहाच्या सोर्स फाईलमध्ये 'स्टेबल' लिहिलंय. इथेच गोम आहे. 'स्टेबल' हे व्हर्जनचं नाव नव्हे. आज जे स्थिर म्हणून चालू आहे त्याच्याकडे रोखलेलं ते बोट आहे, आणि ते बोट सरकत असतं. कोहाचं मोठं व्हर्जन दर सहा महिन्यांनी येतं, मे आणि नोव्हेंबर. म्हणून ०५ आणि ११ असे आकडे. बोट सरकलं की तुमचा साधा 'एपीटी अपग्रेड' एक-दोन मोठी व्हर्जन ओलांडून नेतो. तुम्ही ओपनएसएसएलची दुरुस्ती घ्यायला जाता आणि घरी घेऊन येता नवा कोहा.

डेबियनचंही हेच आहे. १० जून २०२३ ला बुकवर्म, म्हणजे डेबियन १२, स्टेबल झालं. ९ ऑगस्ट २०२५ ला ट्रिक्सी, म्हणजे १३, स्टेबल झालं आणि बुकवर्म ओल्डस्टेबल. ज्यांच्या सोर्समध्ये 'बुकवर्म' लिहिलं होतं त्यांचं काहीच बदललं नाही. ज्यांनी 'स्टेबल' लिहून ठेवलं होतं त्यांनी त्यानंतर नेहमीसारखं 'अपग्रेड' मारलं की मशीन अर्धं १२ आणि अर्धं १३. कारण अपग्रेड काही काढत नाही, मग ज्या पॅकेजांसाठी जुनं काहीतरी काढावं लागतं ती तशीच मागे राहतात. ते निस्तरणं म्हणजे रात्र गेली समजा.

त्यामुळे सर्व्हरवर सोर्समध्ये नाव किंवा आकडाच लिहायचा. बोट नको.

तुम्ही काय करा: ईटीसीमधल्या एपीटी फोल्डरात 'सोर्सेस.लिस्ट.डी' आहे, त्यात कोहाची फाईल असेल. ती नॅनोने उघडा, 'स्टेबल' च्या जागी '२३.११' करा, सेव्ह करा, परत 'एपीटी अपडेट', परत पॉलिसी बघा. कॅन्डिडेट २३.११ च्याच घरातला दिसला पाहिजे. आणि तिथे गेलाच आहात तर त्याच एपीटी फोल्डरातल्या 'सोर्सेस.लिस्ट' मधल्या डेबियनच्या ओळीही तपासा.

ताकभात | सोमवार, रात्री ९:५२

'एपीटी-मार्क होल्ड कोहा-कॉमन' केलं की झालं की. एका ओळीचं काम. सोर्स फाईल कशाला उचकायची?

जुना लिनक्सवाला | सोमवार, रात्री १०:०३

होल्ड चालेल, पण दोन कारणांनी मला आवडत नाही. होल्ड सगळंच अडवतं. २३.११ च्या आतली दुरुस्ती, त्यात सुरक्षेचीही, येणार नाही. कोहाच्या मेंटेनन्स रिलीज महिन्याच्या महिन्याला येतात, त्यांवर पाणी सोडावं लागतं. आणि होल्ड केलेलं माणूस विसरतो. एका ठिकाणी मला असा सर्व्हर मिळाला होता की आधीच्या माणसाने मारियाडीबी होल्ड करून नोकरी सोडली होती आणि नंतरच्या कुणी 'एपीटी-मार्क शोहोल्ड' कधी दिलंच नव्हतं.

कुणाचाही सर्व्हर ताब्यात घेतला की शोहोल्ड ही माझी पहिल्या पाचातली कमांड.

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०:१०

+१. तरी नॅकपर्यंत होल्ड आणि आकडा दोन्ही ठेवायला हरकत नाही. नंतर 'अनहोल्ड' करायचं कॅलेंडरवर लिहून ठेवा. खऱ्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

निळी शाई | मंगळवार, सकाळी ७:४०

मी ग्रंथपाल आहे, सर्व्हरवाली नाही, पण कोहा गेली अनेक वर्षं सांभाळतेय म्हणून लिहिते.

किडाभाऊ, इथे सगळे पॅकेजबद्दल बोलतायत, पण तुमचा जीव पॅकेजमध्ये नाही, डेटाबेसमध्ये आहे. कोहा-कॉमनचं नवं व्हर्जन बसताना ते स्वतःहून डेटाबेसची रचना बदलतं, तुम्हाला विचारत नाही. पॅकेज मागे नेता येईल हो, पण रचना मागे जात नाही. जुन्या पॅकेजला नवी रचना कळत नाही. म्हणजे मागे यायचा रस्ता एकच, आधी घेतलेला डंप, म्हणजे डेटाची पूर्ण प्रत.

तो असा घ्या. 'सुडो कोहा-लिस्ट' दिलं की तुमच्या इन्स्टन्सचं (सर्व्हरवर बसवलेल्या कोहाचं) नाव कळेल, बऱ्याच ठिकाणी ते नुसतं 'लायब्ररी' असतं. मग 'सुडो कोहा-डंप' आणि पुढे ते नाव. व्हारमधल्या स्पूलच्या कोहा फोल्डरात दोन फाईली तयार होतील. एसक्यूएल-जीझेड म्हणजे डेटा आणि टार-जीझेड म्हणजे कॉन्फिग. दोन्ही हव्यात. बऱ्याच जणी फक्त पहिली उचलतात आणि मग नव्या मशीनवर बसून पासवर्ड शोधतात.

रोज रात्री आपोआप डंप होतात हे खरं, पण ते त्याच डिस्कवर. डिस्क गेली की तेही गेले. विनएससीपीने (सर्व्हरवरून फाईली उतरवायचं सॉफ्टवेअर) स्वतःच्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि फाईलचा आकार कालच्याच्या जवळपास आहे ना तेवढं नजरेखालून घाला. शून्य केबीचा डंप मी पाहिला आहे, डिस्क भरली होती म्हणून.

कोकणकडा | मंगळवार, सकाळी ९:१५

निळी शाई यांना अनुमोदन. डिस्कचं निघालंच आहे तर 'डीएफ -एच' आधी बघा. व्हार किंवा बूट भरलं असेल तर अपग्रेड मध्येच अडकतो. जुने कर्नल साचले असतील तर 'एपीटी ऑटोरिमूव्ह', पण तीही यादी वाचून. ऑटोरिमूव्ह म्हणजे 'आता कुणाला लागत नाहीत' असं एपीटीला वाटतं ती पॅकेजेस. एपीटीला वाटणं आणि खरं असणं यात फरक पडू शकतो. एखादं पॅकेज दुसऱ्याबरोबर आलं असेल आणि तुमची कुठली तरी स्क्रिप्ट ते वापरत असेल, तर एपीटीला ते कुठून कळणार? असं नाव दिसलं तर 'एपीटी-मार्क मॅन्युअल' करून ठेवायचं.

आणखी एक, थोडं अवांतर. आमच्याकडे एका सहकारी बँकेत सुरक्षा ऑडिट झालं. रिपोर्टमध्ये लाल अक्षरात: ओपनएसएसएच (दूरून लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) ९.२, जुनं आणि धोकादायक, ९.८ टाका. डेबियन १२ वर ९.२ च असतं. जुलै २०२४ च्या सुरुवातीला त्यात सीव्हीई-२०२४-६३८७ या नंबरची सुरक्षा-त्रुटी उघड झाली, तिची दुरुस्ती डेबियनने ९.२ मध्येच मागे आणून घातली. पुढचा आकडा तोच, शेपूट फक्त डेब१२यू३ असं झालं. ऑडिटरच्या स्कॅनरने शेपूट वाचलंच नाही.

मी सांगत होतो की 'एपीटी चेंजलॉग ओपनएसएसएच-सर्व्हर' मध्ये त्या सीव्हीईचा नंबर स्वच्छ लिहिलेला आहे, त्याचा स्क्रीनशॉट लावून द्या. तोवर त्यांच्या व्हेंडरने सोर्स आणून 'मेक इन्स्टॉल' करून टाकलं. आता यूएसआर-लोकलमध्ये एक एसएसएच, यूएसआरमध्ये दुसरं. लोकलमधलं एपीटीला माहीतच नाही, त्याला दुरुस्ती कधीच येणार नाही. ऑडिट मात्र पास!

ताकभात | मंगळवार, सकाळी ९:४०

हे सगळीकडे आहे. स्कॅनरला हिरवं करण्यासाठी सर्व्हर लाल करायचा.

खिडकीबंद | मंगळवार, सकाळी १०:०२

गंभीरपणे एक विचारतो. रोजच्या सुरक्षा अपडेटसाठी 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' चालू करून टाकलं तर किडाभाऊंना हे सगळं करावंच लागणार नाही ना?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १:२०

माझा विरोध. डेटाबेसचं अपडेट आलं की तो मारियाडीबी रिस्टार्ट करतो. काउंटरवर पोरांची रांग आणि कोहा म्हणतंय डेटाबेस मिळत नाही. स्वतः बसून, सुट्टीच्या दिवशी करावं.

कोकणकडा | मंगळवार, दुपारी १:४५

मान्य नाही. 'स्वतः बसून करू' म्हणणाऱ्यांचे सर्व्हर मी पाहिलेत, वर्ष-वर्ष बसत नाहीत. हाच धागा बघा की. रोज एखाद मिनिट सेवा जाणं आणि वर्षभर भोक उघडं राहणं, यात मी पहिलं घेईन. मारियाडीबीची भीती असेल तर ईटीसी-एपीटीमधल्या '५०अनअटेंडेड-अपग्रेड्स' फाईलमध्ये पॅकेज-ब्लॅकलिस्ट आहे, त्यात नाव टाका. बाकीचं येऊ द्या.

जुना लिनक्सवाला | मंगळवार, दुपारी ३:१०

मी कोकणकड्याच्या बाजूने, पण एक बारीक गोष्ट. हे काम सिस्टमडीचा टाइमर करतो, एपीटी-डेली-अपग्रेड. ठरलेली वेळ सकाळी सहा, वर तासाभरापर्यंत इकडेतिकडे. वेळ छान आहे. पण सकाळी सहा कुणाचे? सर्व्हरच्या घड्याळाचे. बसवताना टाइमझोन यूटीसी (ग्रीनिचची वेळ) ठेवलेला असेल तर ते सहा म्हणजे आपले साडेअकरा. साडेअकरा ते साडेबारा, ऐन देवघेवीच्या वेळेत! मग लोक म्हणतात दुपारी कोहा आपोआप रिस्टार्ट होतो, भूत आहे.

'टाइमडेटसीटीएल' नुसतं दिलं की झोन दिसतो. यूटीसी असेल तर 'सेट-टाइमझोन' ला आशिया/कोलकाता द्या आणि एकदा रीबूट करा, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनलाही नवी वेळ कळेल.

आणि रात्रपाळी, 'नवं ते आपोआप नको' ही भावना मला कळते. २९ मार्च २०२४ ला एक्सझेड या कॉम्प्रेशन सॉफ्टवेअरमधलं मागचं दार उघडकीला आलं ते आठवा. आंद्रेस फ्रॉइंडला एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याचा संशय आला आणि त्याने खणून काढलं. पण ती ५.६.० आणि ५.६.१ व्हर्जनं डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबलमध्ये गेली होती, स्टेबलमध्ये पोहोचलीच नव्हती. म्हणून म्हणतो, स्टेबलची सुरक्षा रेपो आपोआप घ्यायला घाबरू नका. घाबरायचं ते बाहेरच्या रेपोंना, आणि त्या अनअटेंडेड तुम्ही सांगितल्याशिवाय घेत नाही. कोहाची रेपोही नाही.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३:३२

बरं. ब्लॅकलिस्टसह मान्य. डेटाबेस मी हातानेच करणार.

शेवटची एसटी | मंगळवार, रात्री ८:५०

धागा छान चाललाय, वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्याकडे डेबियन नाही, अजून सेंटओएस ७ आहे. 'यम अपडेट' दिलं की मिररलिस्टच सापडत नाही म्हणतं. रेपो कुठून आणू?

जुना लिनक्सवाला | मंगळवार, रात्री ९:१५

सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली, मिररलिस्टचा पत्ताही त्यानंतर गेला. जुनी पॅकेजेस व्हॉल्टवर आहेत, बेसयूआरएल तिकडे वळवला की यम चालेल. पण तिथे नवी दुरुस्ती येणार नाही, जे आहे ते गोठलेलं. व्हॉल्टचा उपयोग एवढाच की स्थलांतर करेपर्यंत एखादं पॅकेज लागलं तर मिळावं. अल्मा किंवा रॉकी लिनक्सकडे चला.

तिकडे गेलात की एक सोय मिळेल जी डेबियन १२ च्या एपीटीत आम्हाला नाही. 'डीएनएफ हिस्टरी' दिलं की प्रत्येक व्यवहार नंबरासकट दिसतो, आणि 'डीएनएफ हिस्टरी अनडू' ला तो नंबर दिला की उलटा फिरवतो. जुनी पॅकेजेस रेपोत असली तर. डेटाबेसच्या बाबतीत मात्र निळी शाई यांनी लिहिलंय तेच, अनडू पॅकेज फिरवतो, तुमचा डेटा नाही. एपीटीवाल्यांनी व्हार-लॉगमधल्या एपीटी फोल्डरातली 'हिस्टरी.लॉग' वाचायची. कोणती कमांड कधी दिली आणि कोणतं पॅकेज कुठल्या व्हर्जनवरून कुठल्यावर गेलं, सगळं तिथे असतं. उलटं मात्र हाताने करावं लागतं.

पुस्तकी किडा | रविवार, दुपारी १२:३०

वृत्तांत देतो. आज सुट्टी म्हणून सकाळीच ग्रंथालयात येऊन बसलो. यूपीएस आहे, तरी लाईटची खात्री नाही म्हणून शिपाईमामांना जनरेटरचं विचारून ठेवलं.

कोहाच्या फाईलमध्ये २३.११ केलं. कॅन्डिडेट लगेच २३.११ च्या शेवटच्या दुरुस्तीवर आला, २४.११ गायब. डेबियनच्या ओळींत 'बुकवर्म' च होतं, ते एक बरं. टाइमझोन यूटीसी निघाला! वर्षभर आम्ही सकाळच्या रिपोर्टच्या वेळा चुकतात म्हणत होतो. कोहा-डंप घेतला, दोन्ही फाईली पेनड्राइव्हवर. मग टीमक्स, सिम्युलेट, यादी वाचली, काढली जाणारी शून्य, आणि वाय.

मध्येच एका जागी थांबलं. मारियाडीबीची '५०-सर्व्हर.सीएनएफ' तुमच्याकडे बदललेली आहे, पॅकेजमध्येही नवी आली आहे, कुठली ठेवू? वाय, एन, डी, झेड. इथे कुणी याबद्दल लिहिलं नव्हतं म्हणून जरा घाम फुटला. डी म्हणजे फरक दाखव, म्हणून ते दाबलं. बऱ्याचशा ओळी कॉमेंटच्या होत्या. पण उणेचं चिन्ह लागलेली एक ओळ दिसली: इनोडीबीचा बफर पूल (डेटाबेसने मेमरीत राखलेली जागा) २ जीबी. एजन्सीवाल्यांनी घातलेली असणार, पॅकेजच्या फाईलमध्ये ती नव्हती. क्यू दाबून बाहेर आलो आणि एन दिलं. बरोबर केलं ना?

जुना लिनक्सवाला | रविवार, दुपारी १२:४१

एकदम बरोबर. नुसतं एंटर दाबलं असतं तरी एनच झालं असतं, तुमची फाईल ठेवायची हा ठरलेला पर्याय आहे. वाय दिलं असतं तर पूल पॅकेजच्या मूळ मापावर गेला असता, १२८ एमबी, आणि उद्या सगळे म्हणाले असते अपग्रेडनंतर कोहा रखडतंय. पॅकेजची नवी फाईल शेजारीच 'डीपीकेजी-डिस्ट' शेपटीने पडली असेल. सवडीने बघा, त्यात कामाचं काही असेल तर हाताने उचला. वाय दिलेलं असतं तरी तुमची जुनी 'डीपीकेजी-ओल्ड' म्हणून राहते.

आता नीडरीस्टार्ट (कोणत्या सेवा परत सुरू करायला हव्यात ते सांगणारं) टाका आणि चालवा. लायब्ररी डिस्कवर बदलली तरी चालू प्रोसेसने जुनीच मेमरीत धरलेली असते. ओपनएसएसएल नवं बसलं पण वेब सर्व्हर अपाची जुन्यावरच चालतंय, असं होतं. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधल्या हार्टब्लीड त्रुटीच्या वेळी याच कारणाने अपडेट करूनही लोकांचे सर्व्हर उघडे राहिले होते. तुमचा कर्नलही बदललाय, तेव्हा सरळ रीबूटच करा. रीबूटनंतर 'यूनेम -आर' नवा आकडा दाखवतो का बघा.

पुस्तकी किडा | रविवार, दुपारी १:२०

रीबूट झालं. नवा कर्नल दिसतोय. ओपॅक उघडला, एक पुस्तक माझ्याच नावावर दिलं आणि परत घेतलं, बारकोडही वाचतोय. 'कोहा-प्लॅक' (कोहाची पानं चालवणारी सेवा) चालू दिसतंय. जेवायला चाललो.

२४.११ वर जायचं दिवाळीच्या सुट्टीत ठरवलंय. तोवर ऑफिसच्या एका जुन्या पीसीवर व्हर्च्युअल मशीनमध्ये डेबियन टाकून तालीम करावी म्हणतो. तिथे २३.११ बसवून आजचा डंप चढवायचा, मग सोर्समध्ये २४.११ करून अपग्रेड. बरोबर जातोय का?

शेवटची एसटी | रविवार, दुपारी २:०५

अभिनंदन किडाभाऊ. आमच्या सेंटओएसची गाडी अजून स्टँडवरच.

निळी शाई | रविवार, दुपारी ४:१५

क्रम बरोबर आहे. 'कोहा-रिस्टोअर' ला आधी एसक्यूएलची फाईल द्यायची, मग टारची. त्या व्हीएमवर त्याच नावाचा इन्स्टन्स आधी तयार करू नका, रिस्टोअर स्वतःच करतं, आधीचा असेल तर अडतं. अपग्रेडला किती वेळ लागला तोही लिहून ठेवा, म्हणजे दिवाळीत काउंटर किती वेळ बंद ठेवायचा ते सांगता येईल.

आणि हे विसरू नका: टारच्या फाईलमधून ईमेल चालू असल्याची खूणही व्हीएमवर येते. रात्री क्रॉन चालला की तालमीचा कोहा तुमच्या खऱ्या विद्यार्थ्यांना 'पुस्तक परत करा' असे मेल पाठवायला लागेल. रिस्टोअर झाल्या झाल्या, दुसरं काही करायच्या आधी, 'सुडो कोहा-ईमेल-डिसेबल' आणि पुढे इन्स्टन्सचं नाव. व्हीएमचं नेटही शक्य तर तेव्हा तोडूनच ठेवा, अपग्रेडच्या वेळी जोडा.